सवलतीचे तीन दिवस

कारखान्यात तिला सगळे तारीखताई म्हणत. कोणतं मशीन किती दिवस चालवायचं आणि दुरुस्तीसाठी कधी थांबवायचं, याचा मेळ घालणं तिचं काम. उत्पादनवाले म्हणत थांबवू नका, दुरुस्तीवाले म्हणत चालवू नका. दोघांच्या शिव्या हिच्या पदरात.

पत्रा ठोकणाऱ्या मोठ्या प्रेसचा ब्रेक दर तीस दिवसांनी उघडून तपासायचा; फार तर तीन दिवस उशीर चालेल, असा नियम होता. त्या महिन्यात तेही तीन दिवस संपले. तेहेतिसाव्या दिवशी उत्पादनाचे साहेब तिच्या टेबलाशी आले.

“अजून तीन दिवस दे. मागच्या वेळी मी प्रेस तपासणीला तीन दिवस आधी सोडली होती. ते माझे शिल्लक आहेत.”

“सवलत साठत नसते, साहेब. ब्रेक शेवटच्या तपासणीपासून झिजतो.”

साहेबांनी जाडजूड स्टेपलर भिरकावलं. ते तिच्या कानाजवळून जाऊन कपाटाच्या काचेवर आदळलं. काचा तिच्या केसांत पडल्या.

“मुदतवाढीच्या कागदावर सही कर.”

तिने केली.

दोन दिवसांनी, जेवणाच्या सुट्टीनंतर, थांबवलेल्या प्रेसचा ठोकळा आपोआप खाली आला. खाली पैलवानाचा उजवा हात होता. पैलवान म्हणजे प्रेसवरचा सगळ्यांत जुना कामगार. त्याची किंकाळी ऐकून ताई धावली. ठोकळा वर घ्यायला चार मिनिटं लागली. मनगटाखाली काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पैलवानाची बायको थेट ऑफिसात शिरली. “सही तुझीच ना गं?” तिने ताईचे केस धरले आणि कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा, दोनदा. रक्त डोळ्यांत उतरलं तरी ताईने हात वर केला नाही. पहारेकऱ्याने बाईला ओढलं, तेव्हा ताई एवढंच म्हणाली, “सोडा तिला.”

घरी तिचा भाऊ चिडला. “डोकं फोडलं तुझं, आणि तू तक्रारही करणार नाहीस?”

“दादा, तिच्या नवऱ्याचा हात गेला. माझे पाच टाके.”

आठवडाभरात साहेबांनी ब्रेकच्या झिजलेल्या पट्ट्याच घासूनपुसून बसवायला सांगितल्या. माल अडला होता. ताईने मेन स्विचला कुलूप घातलं आणि किल्ली मुठीत धरली.

“नव्या पट्ट्या येईपर्यंत प्रेस चालणार नाही.”

साहेबांनी तिचा हात पिरगाळला. मनगट कट्‌ करून मोडलं, पण मूठ उघडली नाही. दुसऱ्या हाताला बाकावरचा पाना लागला. तो तिने त्यांच्या जबड्यावर हाणला. दोन दात फरशीवर पडले. त्यांनी तिच्या पोटात लाथ घातली, आणि मग कामगार तुटून पडले. साहेबांना त्यांनी असं तुडवलं की शेवटी तिलाच ओरडावं लागलं, “बस करा, मरेल तो!”

चौकशीत ती म्हणाली, “स्टेपलर त्यांनी फेकलं. सही मात्र मी केली.” साहेबांची नोकरी गेली. तिला महिनाभर घरी बसवलं.

आता पैलवान गेटवर डाव्या हाताने गाड्यांचे नंबर लिहितो. “ताई, आज कुठलं मशीन झोपवणार?” असं हसून विचारतो. त्याची बायको दुपारी डबा घेऊन येते आणि ताई दिसली की तोंड फिरवते. ताई तिला वाट देते.