छप्पन दातांची चक्री

क्लाइव्ह ट्रेझाइजने जन्मात कधी गाडी चालवली नाही. तांब्याच्या खाणीत माणसांचा पाळणा खाली-वर करणारं यंत्र त्याने चाळीस वर्षं चालवलं, पण घरची गाडी हाकायची ती त्याची बायको नोरीन. त्यावरून त्याची टर उडवायचा गावाला कधी कंटाळा आला नाही. "आम्हाला पाताळात उतरवतोस, आणि तुला बाजारात न्यायला बायको लागते होय रे!" तो नुसता हसायचा.

मग नोरीनच विसरायला लागली. आधी नावं, मग पेटती शेगडी, मग घराचा रस्ता. शेवटी तिला घाटापलीकडच्या शुश्रूषागृहात ठेवावं लागलं, पंचेचाळीस किलोमीटरवर. बस आठवड्यातून एकदा, तीही दुपारची, आणि दुपारची नोरीन क्लाइव्हच्या ओळखीची नव्हती. सकाळच्या नाश्त्यापासून दहापर्यंत ती अगदी पूर्वीसारखी असायची, फोनवर त्याला नावाने हाक मारायची. दहा वाजले की सगळं पुसलं जायचं. एका दुपारी ती त्याला अदबीने म्हणाली, "आता निघा हं तुम्ही. माझा नवरा येईल इतक्यात." ते शब्द क्लाइव्हच्या काळजात रुतून बसले.

अडुसष्टाव्या वर्षी लायसन्सच्या परीक्षेत तो दोनदा नापास झाला. तेव्हा त्याने सायकलला बसवायचं पेट्रोलचं इंजिन मागवलं. सोबत मागच्या चाकाला बसवायची, साखळीने फिरणारी चव्वेचाळीस दातांची चक्री आली होती. ती बाजूला ठेवून तो डल्सी पास्कोच्या दुकानात गेला. डल्सी खाणीतल्या फिटरची विधवा, गवत कापायची यंत्रं आणि लाकूड कापायच्या करवती दुरुस्त करायची. तिची जीभ करवतीपेक्षा धारदार होती.

"छप्पन दातांची दे," क्लाइव्ह म्हणाला.

"छप्पन? काय हत्ती ओढायचाय का? जितके दात जास्त तितकी ताकद जास्त, पण वेग कमी, हे तुला मी सांगायला हवं? तुझ्या एकट्याच्या हाडांना चाळीस पुरे. घाटात थोडे पायडल मार."

"मला छप्पनच हवी."

हट्टी माणसापुढे डोकं आपटून उपयोग नसतो, हे डल्सीला ठाऊक होतं. तिने चक्री मागवून दिली.

घाट गावाच्या वेशीलाच सुरू होतो, आणि हिवाळ्यात तिथला रस्ता आठपर्यंत बर्फाने निसरडा असतो. त्याआधी निघणं म्हणजे मरणाला आमंत्रण. क्लाइव्ह आठला निघाला. एकदाही पायडल न मारता सायकल घाट चढली. त्याची छाती फुगली. पण पलीकडच्या सपाट रस्त्यावर इंजिन गळा काढून ओरडत राहिलं आणि वेग काही पंचविसाच्या वर जाईना. तो पोचला तेव्हा दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

"नळ दुरुस्त करायला आलात का?" नोरीनने विचारलं.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी डल्सी न सांगता त्याच्या शेडमध्ये येऊन उभी राहिली. कोपऱ्यातल्या ताडपत्रीखालून चाकं दिसत होती. तिने ताडपत्री ओढली. सायकलला जोडायची छोटी गाडी होती, त्यावर नोरीनची आरामखुर्ची पक्की बसवलेली, वर पट्टा, पायाशी घोंगडी.

डल्सीने खुर्चीचा पट्टा ओढून पाहिला. मग म्हणाली, "म्हणून छप्पन."

"पाळणा कधी रिकाम्या वजनावर बेतायचा नसतो," क्लाइव्ह खाली बघत म्हणाला. "वर येताना भरलेला असतो. हे तर खाणीतलं पोरही सांगेल."

"हो रे बाबा. पण डॉक्टर काय म्हणाले तुला?"

तो बोल्ट पुसत राहिला. एकच बोल्ट, पुन्हा पुन्हा.

"क्लाइव्ह, मी विचारतेय."

"ती घरी येणार नाही म्हणाले." त्याने बोल्ट खाली ठेवला. "कधीच नाही."

डल्सीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मग भरल्या पाळण्याचा हिशेब सोड आता. तिला आणायच्या नादात तिची सकाळ घालवतोयस तू."

क्लाइव्हला राग आला. तिचा नाही, चाळीस वर्षांच्या सवयीचा. तो बाकावर बसला आणि रडला, आणि डल्सी त्याच्याकडे पाठ करून हत्यारं चाळत उभी राहिली. शेवटी तो म्हणाला, "चाळीसची आहे का दुकानात?"

"गेल्याच आठवड्यात मागवून ठेवलीय. गाढवाला अक्कल कधी येते तेवढीच वाट बघत होते."

दुसऱ्या दिवशी घाटाच्या अर्ध्यातच इंजिनाला धाप लागली. क्लाइव्हने दात-ओठ खाऊन पायडल मारले. गुडघे ओरडत होते. माथ्यावर पोचल्यावर त्याला कळलं की मागे कुणी बसलेलं असतं तर हा चढ त्याच्याने झाला नसता. उतारानंतर सायकल जी सुटली ती चाळिसावर.

नऊ वाजून वीस मिनिटांनी तो नोरीनच्या खोलीच्या दारात उभा होता.

"क्लाइव्ह! अरे, ते डोक्यावर हेल्मेट कसलं? आणि किती घामेजलायस!" तिने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. मग तिचा चेहरा उजळला. "मला घरी न्यायला आलास ना?"

क्लाइव्हने हेल्मेट काढून खाली ठेवलं. श्वास अजून जागेवर आला नव्हता.

"नाही गं," तो म्हणाला. "तुझ्याजवळ बसायला आलोय."

तिने क्षणभर विचार केला, आणि पलंगावर सरकून त्याला जागा करून दिली.