पहिल्या रांगेतले सर

आमच्या बेळगावात कुणाच्या नावानं व्याख्यान ठेवलं की तो माणूस वारलेला असणार, हे लोक धरूनच चालतात. आमच्या सरांनी मात्र धडधाकट असतानाच आपली शिल्लक लोकसंस्कृतीच्या अभ्यासासाठी कॉलेजला ठेव म्हणून देऊन टाकली. एका विद्यार्थ्याला मदत आणि वर्षाला सरांच्या नावानं एक जाहीर व्याख्यान, एवढाच बेत. पहिली विद्यार्थिनी मी. माझे वडील उद्यमबागेत फौंड्रीत कामाला. गाणी गोळा करत हिंडायला मला घरून पाठबळ कुठून मिळणार? निपाणीकडच्या तंबाखूच्या वखारींत बायका काम करताना गायच्या ती गाणी, एक कडवं मराठी तर दुसरं कन्नड, मी लिहून घेऊ शकले ती केवळ सरांमुळे.

पहिलं व्याख्यानही माझंच. सरांना एकच धास्ती होती. "ऐकायला कोण येणार गं? आपल्याकडं माणूस गेल्यावर गर्दी होते."

छापखानेवाल्यानं सवयीनं पत्रिकेवर 'स्मृती व्याख्यान' छापलं. आमच्या लक्षात आलं तोवर पत्रिका सरांच्या गावापर्यंत पोचल्या होत्या.

त्या संध्याकाळी सभागृहासमोर टेंपो थांबला. पांढऱ्या टोप्या, डोक्यावरून पदर, सगळे गप्प. मी चहा पुढं केला तर कुणी हात लावीना. दुखवट्याला गेल्यावर चहा घेत नाहीत आणि निघताना 'येतो' म्हणत नाहीत, ही आमच्याकडची रीत. मंडळी सरांच्या दुखवट्याला आली आहेत हे तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं.

सरांचे धाकटे चुलतभाऊ आत आले आणि पहिल्या रांगेपाशी थबकले.

"अण्णा! तुमी हाय व्हय!"

मागं एका बाईनं गळा काढला होता, तो तिनं तसाच आवरला. सर पोट धरधरून हसले. "आलाय तर बसा आता. पोरगी काय सांगतीय ते ऐका."

बसले बिचारे. मी गाणं वाचायला लागले तशा मागच्या बायका हळूच गायला लागल्या. सरांचे डोळे भरून आले आणि मला पुढचं वाचवेना. नंतर सगळ्यांनी चहा मागून घेतला आणि निघताना प्रत्येकानं मुद्दाम मोठ्यानं सांगितलं, "येतो अण्णा!"

गेल्या वर्षी सर खरंच गेले. आता पत्रिकेवर 'स्मृती' छापावंच लागलं. या वर्षी वक्ता दुसरा होता, व्यवस्था माझ्याकडं. सरांची ती धास्ती आता मला लागली होती. सर नाहीत, मग गावची माणसं कशाला येतील?

टेंपो आला. मंडळींनी चहा घेतला, व्याख्यान ऐकलं, वक्त्याला प्रश्न विचारून भंडावलं. मी मनातल्या मनात सरांचे आभार मानत राहिले.

निघताना चुलतभाऊ पहिल्या रांगेतल्या सरांच्या रिकाम्या खुर्चीपाशी थांबले. पाठीवर हात ठेवावा तसा त्यांनी खुर्चीवर हात ठेवला.

"येतो अण्णा," ते म्हणाले. "फुडच्या वर्षी लवकर येतो. मागं बसून नीट ऐकू येत न्हाय."