कोरा हात

लेकीचं पिशवीचं ऑपरेशन ठरलं आणि डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे, आधी एक बाटली चढवावी लागेल. बदल्यात घरातल्या कुणीतरी द्या. मी म्हटलं, एकच? पोटासाठी आलेला अख्खा खानदेश इथं उधन्यात राहतो आमचा. दीर, जावा, भाचे, सगळे टेम्पोत घालून रक्तपेढीत नेले. विहीणबाईही आल्या, पण डब्याची पिशवी धरायला. त्यांना सुईची भलती भीती.

तिथला माणूस एकेकाला विचारायचा, "बेन, वर्षभरात टॅटू काढलाय?"

काढलाय म्हणजे काय, मिरवतच होतो. श्रावणात कानबाईच्या सणाला गावी गेलो, तेव्हा गोंदणारी दारातच बसली होती. एकाच सुईनं सगळ्यांनी हात गोंदून घेतले, पुरुषांनीसुद्धा. विहीणबाई तेवढ्या माजघरात जाऊन बसल्या. आम्ही काय कमी हसलो होतो त्यांना!

"मग तुमचं कुणाचंच चालणार नाही," तो म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आमच्या घरात रोग नाही. तो शांतच होता. म्हणाला, एका सुईनं काविळीचे, एचआयव्हीचे जंतू एकाचे दुसऱ्याला लागतात, आणि लागण ताजी असली तर तपासणीतही लगेच सापडत नाही. "तुमच्या लेकीला असं रक्त चढवलेलं चालेल?"

एवढा गोतावळा, आणि बाटलीभर रक्त निघेना. लेक तिकडे खाटेवर पांढरीफटक पडलेली. रडूच आलं मला.

तेवढ्यात विहीणबाईंनी डब्याची पिशवी माझ्या हातात दिली. "मी देस," म्हणाल्या आणि जाऊन आडव्या झाल्या. डोळे घट्ट मिटलेले, माझं मनगट असं आवळलं की गोंदण पुसतंय की काय वाटलं. उठल्यावर दोन पेले सरबत प्यायल्या आणि वर मलाच म्हणाल्या, "एवढं काही दुखत नाही हो."

लेक बरी झाली. यंदा कानबाईला ती स्वतः रोट भाजत होती. गोंदणारी आली, तशा विहीणबाई पदर खोचून पुढे सरसावल्या. भीती गेली म्हणे त्यांची. हात पुढे करणार, तोच मी त्यांना दंडाला धरून मागे ओढलं.

"तुमचा हात कोराच राहू द्या," मी म्हटलं. "मला अजून दोन लेकी आहेत."