मावशींच्या पत्रातलं शेवटचं अवतरणचिन्ह

मंडळी, दुपारपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही.

मी मळवलीच्या शाळेत मास्तर आहे आणि गावाची पत्रंही लिहून देतो. आज ठकूमावशी आल्या. त्यांचा मुलगा मुंबईला गोदीत कामाला असतो. मागच्या कार्डात मी ऐटीत लिहिलं होतं, ‘वडिलांची प्रकृती बरी नसते, तरी येण्याचे करावे.’ मुलगा आलाच नाही.

“मास्तर, ते बोलनं माजं न्हवतं. पोरानं आय वळकावी कशी?”

मला लाज वाटली. आज मी ‘आई म्हणते’ लिहून स्वल्पविराम दिला, अवतरणचिन्ह उघडलं आणि त्या बोलल्या तसंच उतरवलं:

“लेकरा, तुजा बा लय थकलाय. भात कापाया न्हाई, निस्तं तोंड दावाया ये.

पूर्णविरामापुढे अवतरणचिन्ह मिटवायला टाक टेकवला, तेवढ्यात मावशींनी विचारलं, “आता काय काढताय?”

“तुमचं बोलणं इथं संपलं, अशी खूण.”

“मग नगा काढू. त्यो आला की संपंल.”

मुलांच्या वहीत याच चुकीखाली मी लाल रेघ मारतो. आज कार्ड तसंच पेटीत टाकून आलो. तुम्ही असता तर खूण काढली असती?