संडासापाशी पकडणारा लॅपटॉप

पेचकस हे तिचं खरं नाव नव्हे. बाजारातल्या लोकांनी ठेवलेलं. बोलायची कमी, पण बोलली की पिळायची. थोरल्या भावाचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाइकांशी गोड बोलणं दादाकडे, यंत्रं उघडणं दोघांकडे. लोकांच्या कीबोर्डांखालून नखं, केस आणि मेलेली झुरळं उपसून तिला वीट आला होता. यंत्रांचा नव्हे, माणसांचा.

त्या दिवशी दादा बाहेरगावी होता, म्हणून गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन बघायचं काम तिच्या गळ्यात पडलं. तक्रार जुनीच. जुना लॅपटॉप, राउटरला खेटून ठेवला तरच वायफाय पकडतो.

त्या घरच्या सुनेने दार उघडलं. पॅसेजच्या भिंतीवर राउटर, त्याखाली पलंग, पलंगावर तिचे म्हातारे सासरे. उशापासून हातभरावर संडासाचं दार. वास असा की पेचकसने तोंडाने श्वास घ्यायला सुरुवात केली.

“यांना इथे का झोपवलंय?”

“अहो, लॅपटॉप दुसरीकडे पकडतच नाही. रोज व्हिडिओ कॉलवर नणंदबाईंचं तोंड बघितल्याशिवाय बाबांना घास जात नाही. तुमच्या दादांनीच सांगितलं, जुनं मशीन आहे, एवढंच पकडणार.”

“मग लांब वायर टाकायची.”

“घरभर वायरी लोंबकळलेल्या बऱ्या दिसतात का?”

म्हातारा हसला. जन्मभर नकाशे काढलेला माणूस. पाय गेले होते, नजर शाबूत होती. “इथे सगळं पकडतं बघ बाई. वासासकट. लेकीला काही बोलत नाही. तिला माझं तोंड दिसतं, दार दिसत नाही.”

पेचकसने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. वायफायच्या कार्डापासून दोन बारीक तारा बिजागरीतून झाकणात जातात. तेच त्याचे कान. दोन्ही तारा बिजागरीपाशी कापलेल्या होत्या. टोकं हिरव्या टेपमध्ये नीट गुंडाळलेली. तो टेप त्यांच्याच काउंटरवर असायचा. बिजागरी दादानेच बदलली होती. तारा ओवत बसायला वेळ लागतो, म्हणून सरळ कापून मोकळा झाला. वर गोड तोंडाने “जुनं मशीन आहे हो.” तिने टेपचा तुकडा सोलून बाजूला ठेवला.

पिशवीतल्या भंगार लॅपटॉपच्या तारा काढून तिने ओवल्या. लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत गेली. खिडकीपाशी पूर्ण रेंज आली. म्हाताऱ्याची आधीची खोली हीच. आता तिथे सुनेच्या नवऱ्याची व्यायामाची सायकल होती, तिच्यावर ओले टॉवेल वाळत होते.

“झालं ना? द्या, बाबांजवळ ठेवते,” सून म्हणाली.

“पलंग इथे आणायचा ना आता?”

“आता कुठे हलवाहलव? सायकल ठेवलीय ना. आणि बाबांना तिथली सवय झालीय.” तेवढ्यात नवरा संडासातून बाहेर आला, तशी तिने ओढणी नाकाला लावली.

जुन्या लॅपटॉपना कडेला वायफाय बंद-चालू करायचा एक बारीक खटका असतो. त्यावर अंगठा ठेवून पेचकस दोघांदेखत लॅपटॉप पॅसेजमध्ये घेऊन गेली. अंगठा सरकला, रेंज गायब. खिडकीशी आली. रेंज हजर.

“ताई, जुनं मशीन आहे हो,” ती म्हणाली. शब्द दादाचे, गोडवाही दादाचाच. “तारा बदलल्या, पण आता हे फक्त या खिडकीपाशीच पकडेल.”

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने कपाळाला आठ्या घातल्या, सायकलवरचे टॉवेल काढले आणि ती ओढत बाहेर नेली. पलंग आत आला. खिडकीपाशी टेकताना म्हातारा पेचकसला हळूच म्हणाला, “बाई, अंगठा दुखला असेल.”

ती हसली नाही. हिरव्या टेपचा तुकडा खिशात घालून दुकानात आली आणि तो दादाच्या खुर्चीसमोर, काउंटरच्या काचेवर मधोमध चिकटवला. मग मागच्या नळावर गेली. दादाचं ते गोड वाक्य अजून जिभेला चिकटलेलं होतं. तिने दोनदा चूळ भरली, मग तिसऱ्यांदा.