फियाटची चार बोटं उंच सीट

समजा, तुमच्या हातात ड्रिल आहे. समोर सत्तेचाळीस वर्षांची मलईच्या रंगाची फियाट, आणि दोन दारांच्या मधला तिचा खांब. खांब कसला, पत्र्याची पोकळ नळीच. टिचकी मारली तर टणटण वाजणारी. त्यात तुम्हाला एक भोक पाडायचं आहे. भोकातून बोल्ट जाणार, बोल्टला पट्टा अडकणार, आणि गाडी कुठं आदळलीच तर त्या पट्ट्यावर एका माणसाचा सगळा भार येणार. कापड चुकलं तर उसवता येतं, पत्रा उसवता येत नाही. पाडाल भोक?

फारूकभाईंनी पाडलं. पण त्याआधी दोन दिवस ते नुसते त्या खांबाकडे बघत बसले होते.

भोरच्या एसटी स्टँडच्या थोडं पुढे त्यांचं कुशनचं दुकान आहे. वडील टांग्याच्या गाद्या शिवायचे. टांगे गेले, जीपची हुडं आली. हुडं गेली, टेम्पोच्या सीटा आल्या. शिवायचं मशीन तेच राहिलं. अठ्ठावन्न वर्षांच्या फारूकभाईंची एकच बढाई होती, आणि ती तालुक्याला पाठ होती : "रेक्झिन फाटंल, पण माजा टाका न्हाई सुटायचा."

फियाट आंबवड्याच्या मानसिंग तात्यांची. वय शहात्तर. दर रविवारी बायकोला, ठकुबाईंना, मागच्या सीटवर बसवून ते तिच्या बहिणीकडे किकवीला न्यायचे. दिवाळीत आडव्या आलेल्या म्हशीपायी त्यांनी करकचून ब्रेक मारला आणि ठकुबाईंचं कपाळ पुढच्या सीटच्या नळीवर आपटलं. पुण्याहून आलेली नात शेफाली शेजारी बसलेली होती. तिनं रडारड केली नाही. दुसऱ्या दिवशी स्वतः गाडी चालवत भोरला आणली आणि किल्ली फारूकभाईंच्या हातात ठेवली.

"काका, आजी आता पुढेच बसेल. पुढे दोघांना तीन ठिकाणी बांधलेले पट्टे बसवा. नीट बसले तरच किल्ली आजोबांना द्या. नाही बसले तर मी गाडीवर ताडपत्री टाकणार. कायमची."

तेव्हापासून किल्ली मशीनच्या खणात होती. तात्या एक दिवसाआड एसटीनं येऊन खणाकडे बघून जात.

फारूकभाईंची मुलगी निलोफर मेकॅनिकलचा डिप्लोमा करून हायवेवरच्या एका कारखान्यात लागली होती. सुट्टीच्या दिवशी तिनं गाडीखाली सतरंजी टाकून सगळा पत्रा हातोडीनं ठोकून पाहिला. गंजलेला भाग खडूनं खुणावला.

"अब्बा, नुसत्या पत्र्याला बोल्ट मारला तर झटक्यासरशी पत्र्यासकट निघून येईल. आतून जाड पट्टी हवी, तिला नट वेल्ड केलेला. खालीही तसंच. आणि पट्टे नवेच घ्यायचे. भंगारातला नको, त्यानं आधी कुठं झटका खाल्लाय ते कोण सांगणार?"

नवे, शिक्क्याचे पट्टे आले. शेजारच्या पप्पू वेल्डरनं गंजका पत्रा कापून नवा लावला, पट्ट्या जोडल्या. दोन्ही खांबांवरची भोकं मात्र फारूकभाईंनी स्वतः पाडली. तात्यांच्या बाजूचा पट्टा नीट बसला. ठकुबाईंच्या बाजूची उंचीही त्यांनीच ठरवली होती. आणि चूक झाली ती तिथंच.

ज्याला पट्टा लावायचा, त्याचा बसल्यावरचा खांदा मोजायला हवा होता. पण ठकुबाई म्हणजे काकी. त्यांना दुकानात बोलवायचं, गाडीत बसवायचं, खांद्याला टेप लावायची? फारूकभाईंची जीभ रेटेना. त्यांनी तात्यांना विचारलं, "काकी उंचीला किती?" तात्या म्हणाले, "माज्या कानापातूर." त्यावरून फारूकभाईंनी हिशोब मांडला आणि खूण केली.

शुक्रवारी ठकुबाई आल्या. नऊवारी सावरत पुढच्या लांबलचक सीटवर डावीकडे बसल्या. पाय लांब, पाठ आखूड. उभ्यानं जेवढ्या उंच दिसत, तेवढ्या बसल्यावर राहत नव्हत्या. फारूकभाईंनी पट्टा ओढून खटका लावला. पट्टा खांद्यावरून न जाता थेट गळ्यावरून गेला.

"आरं फारूक, पट्टा लावतुयास का फास?"

"काकी, जरा ताठ बसा."

"ताठच हाय. ह्याच्या वर ताठ व्हायला लगीन ठरायचं ऱ्हायलं न्हाई माजं आता."

पप्पू वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवून हसला. फारूकभाईंना हसू आलं नाही. ठकुबाईंनी पट्टा काढून टाकला. "मी आपली मागंच बरी."

"मागं असा खांब न्हाई काकी. पट्टा अडकवायचा कुठं?"

"मंग ऱ्हाऊ द्या. एसटीनं जाईन किकवीला."

तात्यांचा चेहरा उतरला. त्यांनी फारूकभाईंना बाजूला घेतलं. "आरं, एवढ्यात काय हरतोस? पट्ट्याला हितं एक चिमटा घ्यायचा आन् मारायचा टाका. खाली वढला जाईल. तुजा टाका सुटतुय व्हय कवा?"

मशीन दोन हातांवर होतं. सुईत जाड दोरा ओवलेला होता. पाच मिनिटांचं काम. शेफालीला कळलंही नसतं आणि टाका खरंच सुटला नसता, याची फारूकभाईंना खात्री होती. भीती वेगळीच होती. सुई जिथं घुसते तिथं पट्ट्याचा धागा तुटतो. टाका राहायचा जागेवर, आणि पट्टा फाटायचा टाक्याशेजारी.

"तात्या, कायबी शिवून देईन. ह्या पट्ट्याला माजी सुई लागणार न्हाई."

"मंग किल्ली?"

"किल्लीबी न्हाई."

तात्या बायकोला घेऊन स्टँडकडे गेले. दोघांची पाठ बघून फारूकभाईंना जेवण गेलं नाही. संध्याकाळी निलोफर आली तेव्हा ते म्हणाले, "दुसरं भोक पाडू, खाली."

"पाडू नका. एवढ्याशा खांबाला शेजारी शेजारी दोन भोकं? आहे तो जोरही जाईल." मग तिनं विचारलं, "माप बसवून घेतलं होतं की उभ्यानं?"

फारूकभाई टेप गुंडाळू लागले. निलोफर ओठ दाबून हसली. "चाळीस वर्षं सीटा शिवताय, अब्बा."

ते ऐकलं आणि फारूकभाई ताडकन उठले. खांब खाली येत नसेल तर बाई वर जाईल! सीट तर त्यांच्या घरचीच गोष्ट होती.

त्यांनी डाव्या बाजूची सीट उसवली. नुसता फोम भरला असता तर दाबून खाली गेला असता, आणि झटका बसताच बाई पोटावरच्या पट्ट्याखालून सरकली असती. म्हणून वडिलांसारखा काथ्या ठासला, नव्या स्प्रिंगा बांधल्या, वर पातळ फोम, वर रेक्झिन. बरोबर चार बोटं उंच. पाय लांब असले तरी चार बोटं वर गेल्यावर ठकुबाईंच्या टाचा अधांतरी राहतील, हेही सुचलं. सागाचा एक पाट कापून त्यांनी खाली बोल्टानं घट्ट बसवला. आणि या वेळी, आधी आंबवड्याला जाऊन, ओट्यावर ठकुबाईंना बसवून, "काकी, माफ करा" म्हणत खांद्याला टेप लावली होती.

"त्यात माफी कसली?" ठकुबाई म्हणाल्या. "पयल्यांदाच इचारलं असतंस तर माजा यष्टीचा हेलपाटा वाचला असता."

रविवारी सकाळी त्या पाटावर पाय ठेवून बसल्या. पट्टा गळ्याला न लागता खांद्याच्या मधोमध गेला. फारूकभाईंनी हिसका दिला. पट्टा जागीच अडला. निलोफरनं तिन्ही बोल्टांवर हात फिरवला. मग खण उघडला आणि किल्ली तात्यांच्या हातात गेली.

ठकुबाई काचेतून समोर बघत होत्या. "आगं बया, रस्ता दिसतुय की! इतकी वर्सं नुसती ह्यांची टोपी बघितली म्या."

"आता बघ आन् गप बस," तात्या म्हणाले.

"गप कशी? त्यो बघा, टेम्पो आला. हारन मारा!"

हॉर्न वाजवत फियाट किकवीच्या दिशेनं गेली. डावीकडचं डोकं आता जवळजवळ उजवीकडच्या टोपीइतकं उंच दिसत होतं.

फारूकभाई दारातच उभे होते. सीट बरोबर जमली का, ते दहा वर्षांनी शिवण बघून कळतं. पट्ट्याचं तसं नव्हतं.

"निलू, तुमच्या कंपन्यांत पट्टा कसा तपासतात?"

"गाडी भिंतीवर आपटतात, अब्बा."

"आपटलेली गाडी?"

"भंगारात."

फारूकभाईंनी रिकाम्या खणाकडे पाहिलं. "पण तात्यांची गाडी तर एकच हाय. मग ती न आपटता, माजं काम बरोबर झालं का, ते मला कळायचं कसं?"