दोन्हीकडून बॅटिंग

मनमाडच्या रेल्वे क्वार्टर्समागं आम्ही खेळायचो तेव्हा पोरांची संख्या हमखास विषम भरायची. दोन कॅप्टन आळीपाळीनं एकेक पोरगं मागून घ्यायचे आणि शेवटी मी उरायचो. मग ठरलेलं, "हा कॉमन." म्हणजे मी दोन्हीकडून बॅटिंग करायची, दोन्हीकडून बोलिंग टाकायची. बाकीच्यांना माझा हेवा वाटायचा. वाटणारच, त्यांच्या दुप्पट खेळायला मिळायचं. माझ्यातला अष्टपैलू तिथंच तयार झाला, असं मी पुढं चार लोकांत ऐटीत सांगायचो.

एक गोष्ट मात्र सांगायचो नाही. मॅच संपली की जिंकलेले नाचत घरी जायचे आणि हरलेले एकमेकांना शिव्या घालत जायचे. "तुझ्यामुळं हरलो!" "माझ्यामुळं? कॅच कुणी सोडला?" मी दोन्ही टोळक्यांच्या मागून एकटाच चालायचो. नाचणाऱ्यांपेक्षा मला त्या भांडणाऱ्यांचाच जास्त हेवा वाटे.

पुढं नाशिकला आलो, जिल्ह्याकडून खेळलो, मग राज्याच्या संघात गेलो आणि बरीच वर्षं टिकलो. सातव्या नंबरला बॅटिंग, बॉल जरा जुना झाला की बोलिंग. 'उपयुक्त खेळाडू' असं पेपरवाले लिहायचे. हा शब्द मला अजूनही आवडत नाही. मिक्सरला ठीक आहे, माणसाला नाही. बॅट्समन लोकांची मीटिंग असली की कोच म्हणायचे, "तू बोलर्सबरोबर बस." तिकडं गेलो की कुणीतरी हसून म्हणायचं, "आला बॅट्समन, जपून बोला रे." दौऱ्यावर एका खोलीत दोघं असायचे. बॅट्समनला बॅट्समन सोबती मिळायचा, बोलरला बोलर, आणि उरलेली खोली माझी. आईला वाटायचं, लेक एवढा मोठा झालाय की त्याला स्वतंत्र खोली देतात. मी तिला तसंच वाटू दिलं.

एका मोसमात आम्ही सेमीफायनल हरलो. ड्रेसिंग रूममध्ये अशी जुंपली की विचारू नका. बॅट्समन म्हणाले, बोलर्सनी घालवली. बोलर्स म्हणाले, रन होते कुठं? मी कोपऱ्यात पॅड सोडत बसलो होतो. शेवटची विकेट माझी पडली होती, तेही वेडावाकडा फटका मारून. आता माझी पाळी, म्हणून मी मान खाली घालून थांबलो. पण एकानं जाता जाता खांद्यावर थाप मारली. "तुझं काही नाही रे. तू दोन्हीकडं केलंस." परतीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून मी रडलो. हरल्याचं दुःख होतंच, पण त्या हरण्यातही मला कुणी वाटा दिला नव्हता.

आता खेळ सुटलाय. नोकरी आहे, गंगापूर रोडला फ्लॅट आहे. बायको तिच्या शाळेत गुंतलेली आणि मुलगी शिकायला परगावी. गोल्फ क्लबच्या मैदानावर रविवारी सकाळी पन्नाशीकडं झुकलेली मंडळी टेनिस बॉलनं खेळतात. त्यांच्यात मूळचा सटाण्याचा एक कांदा व्यापारी आहे. त्याच्या तोंडाला लगाम नाही. डॉक्टर असो की वकील, बॉल सुटला की मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं त्याच्या अहिराणीत ओरडतो, "तुनं ध्यान कोठे शे रे?" फिरायला गेलो की मी मुद्दाम तिथं रेंगाळायचो.

एका रविवारी त्यांनी मला ओळखलं आणि आग्रहानं खेळायला बोलावलं. डोकी मोजली, विषम भरली. व्यापारी खूश होऊन म्हणाला, "सर, तुम्ही कॉमन खेळा. दोन्ही टीमचं भलं."

"नको," मी जरा जोरातच म्हणालो. "मला एका बाजूला घ्या. तुमच्याच."

घेतलं त्यांनी. शेवटच्या ओव्हरमध्ये कॅच उडाला, सरळ माझ्याकडं. ऊन डोळ्यांवर नव्हतं, वारा नव्हता, कसलंच निमित्त नव्हतं. हातात आला आणि सुटला. पुढच्याच बॉलवर मॅच गेली.

व्यापारी तरातरा निघाला. वाटेत कीपरला झापलं, मग बोलिंग टाकणाऱ्या डॉक्टरला. "तुनामुये हारनूत आपण!" डॉक्टरही उलटून भांडायला लागला. मी जागचा हललो नाही. खरं सांगतो, मला आनंद होत होता. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. चेहरा लालबुंद. तोंड उघडलं, माझ्याकडं पाहिलं, आणि डोक्यावरची टोपी नीट केली.

"तुमचं काही नाही सर," तो एकदम पुस्तकी मराठीत म्हणाला. "होतं असं."

मग तो वळला, डॉक्टरला गाठलं, आणि दोघं भांडत भांडत चहाच्या टपरीकडं निघाले. मी त्यांच्या मागून चालू लागलो.